पाळकाला तपासायचं कसं? खान्देशातल्या नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

मृग लागायच्या आधी आपला माणूस कापसाचं बियाणं घ्यायला जातो तेव्हा पाकिटावरचं नाव वाचतो, लॉट नंबर आणि मुदत पाहतो, पक्की पावती मागतो. रिकामं पाकीट हंगाम संपेपर्यंत घरात जपून ठेवतो. बोगस बियाण्यानं एकदा पोळलेल्याला हे शिकवावं लागत नाही. चांगला दुकानदार त्यावर रागावत नाही, स्वतःहून पावती हातात देतो. तोच माणूस संध्याकाळी प्रार्थनासभेला जातो. बाहेरगावाहून आलेला सेवक, म्हणजे उपदेश करणारा, माईकवरून म्हणतो, "प्रभूनं मला तुझ्याविषयी दाखवलं आहे," आणि हा एक प्रश्न न विचारता खिशातलं सगळं काढून देतो.

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका लहान मंडळीत मी बरीच वर्षं बाप्तिस्म्याआधीचं शिक्षण देतो. नवे लोक धडा संपल्यावर मागं थांबतात आणि हळूच म्हणतात, "दादा, माले ईचारानी लाज वाटस." त्यांना वाटतं, सेवकाला प्रश्न विचारला की देवाला प्रश्न विचारल्यासारखं होईल. ही भीती मनात असेपर्यंत पुढची कुठलीच खबरदारी उपयोगाची नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो.

विचारायची परवानगी तुम्हाला आधीच मिळालेली आहे

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, ओवी ११ काढा. पौल बिरुया गावी गेला आणि त्यानं उपदेश केला. तिथले लोक रोज शास्त्र उघडून पाहत की हा सांगतो ते खरं आहे का. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं त्यांना उद्धट म्हटलं नाही, त्यांच्या मनाचा मोठेपणा वाखाणला. पौलाची शिकवण तपासून घेणाऱ्यांची जर अशी वाहवा होते, तर भाड्याचा स्पीकर घेऊन आलेला सेवक तपासणीच्या वर कसा राहील?

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. जे शास्त्रात दिसत नाही ते केवळ तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही, मला माझी विवेकबुद्धी आहे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. उपकाराच्या ओझ्याखाली त्या गप्प बसल्या नाहीत. पुढं त्यांनी सगळं पवित्र शास्त्र थोडं शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते भाषांतर १९२४ साली छापून आलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईचा विश्वास केवढा होता ते या कामावरून कळतं.

म्हणून पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. उपदेश संपल्यावर सेवकाजवळ जा आणि नम्रपणे विचारा, "हे शास्त्रात कुठं आहे, मला दाखवाल का?" खरा पाळक पुस्तक उघडतो. त्याला माहीत नसेल तर "पाहून सांगतो" म्हणतो. खोटा माणूस चिडतो, तुमचा विश्वास कमी आहे असं सांगतो, नाहीतर चारचौघांत तुमच्यातला दुरात्मा बोलतोय असं ठरवून मोकळा होतो. या एका प्रश्नातून पुष्कळ कळतं.

पुढची पायरी: वचन एकटं घेऊ नका, पूर्ण अध्याय वाचा

स्वतःचं पवित्र शास्त्र हवं. वाचता येत नसेल तर मोबाईलवर ऐका, शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. पण सभेत ऐकलेलं वचन त्याच रात्री घरी काढायचं आणि त्याच्या आधीचं, नंतरचं वाचायचं. कोण कुणाला, कशासाठी बोलतोय, एवढंच पाहायचं. आपल्या भागात सर्वांत जास्त वाकवली जाणारी तीन वचनं इथं उलगडून दाखवतो, म्हणजे सवय लागेल.

एक, "बी पेरा." करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ९. जो थोडं पेरतो तो थोडंच कापतो, हे वचन शेतकऱ्याच्या काळजाला लगेच भिडतं, म्हणूनच ते आपल्यावर चालवलं जातं: हजार पेर, देव लाख देईल. आता अध्याय ८ पासून वाचत या. पौल तिथं यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करतोय, स्वतःसाठी एक पैसा मागत नाही. शिवाय ती रक्कम पोचवायला तो मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो आणि कारणही सांगतो: या पैशाबाबत कुणी आमच्यावर बोट ठेवू नये, देवापुढंच काय, माणसांपुढंही सगळं योग्य दिसावं. सेवकाच्या हाती दिलेली नोट म्हणजे बी आणि तुमची भरभराट म्हणजे पीक, ही मांडणी गेल्या शतकात अमेरिकेतल्या प्रचारकांनी रूढ केली. ओरल रॉबर्ट्स हे त्यांतलं मोठं नाव. तिथून ती टीव्हीवर आली आणि टीव्हीवरून आपल्या पाड्यापर्यंत.

दोन, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." सेवकाचं चुकलं असं कुणी म्हटलं की हे वचन बाहेर येतं. स्तोत्र १०५ वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखात उपरे म्हणून फिरत होते आणि देवानं राजांना त्यांच्यावर जुलूम करू दिला नाही, असा तो विषय आहे. दाविदानंही जिवावर उठलेल्या शौल राजाला अभिषिक्त म्हणून मारलं नाही, हे खरं. पण १ शमुवेल २४ मध्ये तोच दावीद गुहेतून बाहेर येऊन शौलाच्या सैन्यादेखत हाक मारतो आणि विचारतो, तू माझ्यामागं का लागलास? हात उगारला नाही, जाब मात्र विचारला. पौलानंही अंत्युखियात पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की तू चुकलास. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते लिहून ठेवलेलं आहे.

तीन, विधवेची दोन नाणी. मजुरीवर जगणाऱ्या बाईला सांगतात, तिनं होतं नव्हतं ते टाकलं, तूही टाक. मार्क १२, ओवी ४१ पासून ती गोष्ट आहे. तुम्ही फक्त एक ओवी वर जा. चाळिसाव्या ओवीत येशू अशा शास्त्र्यांवर संतापलाय, जे दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. त्यांना अधिक शिक्षा होईल, असं तो म्हणतो, आणि लगेच ती विधवा येते. ही चाळिसावी ओवी वगळून दोन नाण्यांवर उपदेश ऐकला की मला फार वाईट वाटतं, कारण समोर बसलेल्यांत अशा विधवा असतात.

ख्रिस्ताविषयी तो काय सांगतो

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण बाप्तिस्म्याच्या धड्यांत तो सविस्तर येतो. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ती छोटी जुनी घोषणा, तोंडपाठ करा. रोमन कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, मुख्य गोष्टींवर सगळे एक आहेत: येशू देवाचा पुत्र, खराखुरा माणूस झाला, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, पुन्हा येणार आहे. त्यात कुणी काही घालू लागला, उदाहरणार्थ तारणासाठी आमच्याच गटात यावं लागेल, मला झालेलं दर्शन शास्त्राइतकंच मोलाचं आहे, मीच तो अखेरचा संदेष्टा, तर गलतीकरांस १:८ आठवा. स्वर्गातला दूत जरी वेगळी सुवार्ता सांगू लागला तरी ऐकू नका, असं पौल तिथं ठासून सांगतो.

प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्याजवळ थांबूच नका. तो दिवस कुणाला ठाऊक नाही, असं मत्तय २४:३६ मध्ये प्रभूनंच सांगितलंय. अमेरिकेत विल्यम मिलरच्या हिशेबावर भरवसा ठेवून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहत राहिले. काहींनी त्या वर्षी शेतातलं उभं पीकही काढलं नाही. २०११ मध्ये हॅरल्ड कँपिंगनं २१ मेची तारीख दिली, तेव्हाही लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा घालवला. दोन्ही दिवस आले आणि गेले.

मात्र एवढ्यावरून प्रत्येक वेगळ्या मंडळीकडे संशयानं पाहू नका. बाळाला बाप्तिस्मा द्यावा की मोठेपणी, पाणी शिंपडावं की बुडवावं, टाळ्या वाजवाव्यात की शांत बसावं, पाळकानं झगा घालावा की साधा शर्ट, यांवर प्रामाणिक माणसांत शतकानुशतकं मतभेद आहेत. अशा मतभेदानं कुणी खोटा ठरत नाही. चुकणारा आणि फसवणारा यांतही फरक आहे. प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात अपुल्लो नावाचा मोठा वक्ता येतो. त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवरा-बायकोनं त्याला जवळ घेऊन नीट समजावलं आणि त्यानं ते मानलं. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो, तिकडे लक्ष ठेवा.

पैसा

पहिल्या-दुसऱ्या शतकातली 'दिदाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे. 'बारा प्रेषितांची शिकवण' असं तिचं नाव. ती कित्येक शतकं हरवली होती. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तिची प्रत सापडली आणि १८८३ मध्ये ती छापली गेली. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांना कसं ओळखायचं ते तिच्यात लिहिलंय. त्याला एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन दिवस. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात आहे म्हणून कुणी "मला पैसे द्या" म्हणाला तर ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नका. म्हणजे ही फसवणूक आजची नाही आणि तिच्यावरचं भानही आजचं नाही. मंडळीत नेमलेल्या पाळकाला मानधन देणं वेगळं, ते शास्त्राला धरूनच आहे.

आता आपल्याकडचं. दिवाळीच्या सुमाराला कापसाचा पैसा येतो आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातात मुकादमाची उचल पडते. नेमक्या त्याच आठवड्यांत 'विशेष आशीर्वाद सभा' वाढतात. उचल म्हणजे तुमची कमाई नव्हे, ते अंगावरचं कर्ज आहे. त्यातून दशमांश मागणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. आणि दशमांश कुणासाठी होता तेही वाचा: जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या १४:२८-२९ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेला वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून गावात ठेवायचा होता.

देण्याआधी मी लोकांना चार गोष्टी विचारायला सांगतो. पावती मिळेल का? क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा आहे की सेवकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या नावाचा? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर नोंदणी क्रमांक काय? वर्षाचा हिशेब मंडळीपुढं कोण वाचतो? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवावे लागतात आणि तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे हे विचारण्यात आगाऊपणा नाही. अगदी लहान घरगुती मंडळी नोंदलेली नसेलही. तरी दोन-तीन जणांनी मिळून पेटी उघडायची आणि वहीत लिहायचं, एवढं तर कुठंही जमतं.

परदेशातल्या अनोळखी 'मिशनरी'नं फेसबुकवर मैत्री केली, मंडळीसाठी पार्सल पाठवलंय आणि कस्टममधून सोडवायला पैसे भरा असा फोन आला, तर ती सरळ लूट आहे. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणं कठीण.

आजार, चमत्कार आणि भविष्यवाणी

इथं मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण इथं जीव जातात.

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, आजाऱ्यासाठी मी हात ठेवून प्रार्थना करतो. पण नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल किती घरांत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. हा आजार आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होतो. करणी, शाप, पूर्वजांचं पाप यांचा त्यात काही संबंध नाही. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि असह्य वेदना होतात. ही कळ येते, काही दिवस राहते आणि ओसरते. आता विचार करा: कळ आलेल्या मुलाला सभेत नेलं, प्रार्थना झाली, चौथ्या दिवशी कळ ओसरली. सेवक म्हणाला, बरा झाला, गोळ्या बंद करा, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. आईनं फोलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बंद केल्या. पुढची कळ आली तेव्हा पोराला वाचवायला धावपळ झाली. माझ्याच नात्यातल्या घरात हे घडलं. मूल वाचलं. आईला मात्र अजून वाटतं की आपलाच विश्वास कमी पडला. खोट्या शिकवणीनं केलेली ही जखम गोळ्यांनी भरत नाही.

टीबीचंही तसंच. औषध सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात बरं वाटू लागतं, पण साधारण सहा महिन्यांचा कोर्स पुरा करावा लागतो. मध्येच सोडलं तर औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो. "प्रभूनं बरं केलं, आता औषध कशाला" हे वाक्य नेमकं त्या बरं वाटण्याच्या दिवसांत येतं.

असं सांगणाऱ्यापुढं शास्त्र ठेवा. पौलानं त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो गेला नाही (२ करिंथ १२). त्याचा लाडका सोबती लूक तर वैद्यच होता. या सगळ्यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? आपल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय घ्या, तिथं प्रार्थनाही होते आणि औषधही दिलं जातं.

आता "प्रभूनं मला तुझं नाव दाखवलं" याविषयी. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा प्रचारक भर सभेत अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार अचूक सांगायचा. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगारानं आणि त्याच्या साथीदारांनी रेडिओ लहरी पकडून दाखवलं की त्याच्या कानात छोटं यंत्र आहे. सभेआधी लोकांनी भरलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरून त्याची बायकोच त्याला माहिती पुरवत होती. आपल्याकडे यंत्राचीही गरज पडत नाही. गावातला एक ओळखीचा माणूस, आदल्या दिवशीची चहाची बैठक आणि तुमचं व्हॉट्सअॅप स्टेटस, एवढं पुरतं. आणि सांगितलेलं खरं जरी ठरलं, तरी अनुवाद १३ म्हणतो, चिन्ह खरं झालं तरी तो तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर ऐकू नका.

सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे भविष्यवाणी सांगताना गावातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवणं. सातपुड्याच्या कुशीत डाकीण ठरवून बायांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं, जीव घेतले. बडव्यानं, म्हणजे गावातल्या भगतानं, केलं ते पाप आणि सेवकानं 'आत्म्यात' केलं ते दर्शन, असं होत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे. भूत उतरवायला बांधून मारणं, चमत्काराच्या नावानं लुबाडणं, साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं हेही त्यातच येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. प्रार्थना आणि उपासना यांना हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे खऱ्या सेवकानं त्याला भ्यायचं कारण नाही.

फळ दिसायला हंगाम जावा लागतो

मत्तय ७ मध्ये प्रभू म्हणतो, मेंढराचं कातडं पांघरलेले लांडगे तुम्हाला त्यांच्या फळांवरून ओळखता येतील. फळ एका सभेत दिसत नाही. म्हणून नव्या सेवकाशी वर्षभर तरी घाई करू नका. घर, मुलगी, जमिनीचा कागद त्याच्या शब्दावर सोडू नका. १ तीमथ्य ३ मधली यादी घेऊन बसा. तिथं वक्तृत्वाचा आणि चमत्कारांचा उल्लेख नाही. घर नीट चालवतो का, पैशाचा लोभी आहे का, मारकुटा आहे का, बाहेरचे लोक त्याच्याविषयी चांगलं बोलतात का, असं विचारलंय. किराणा दुकानदाराकडे त्याची उधारी किती थकलीय, बायको त्याच्यासमोर मोकळेपणानं बोलते का, हेही पाहा.

काही गोष्टी दिसल्या तर वर्षभर थांबूच नका. तरुण मुलींना किंवा लहान मुलांना एकट्याला बंद खोलीत 'सुटकेच्या प्रार्थने'ला बोलावणं. आई-वडील, जुनी मंडळी, मित्र यांच्याशी संबंध तोडायला लावणं. बाप्तिस्म्याच्या बदल्यात नोकरी, पैसा, लग्न जमवून देण्याचं आमिष. "इथून गेलात तर घरात मरण येईल" अशी धमकी. जिम जोन्सनं आपल्या लोकांना आधी घरादारापासून तोडलं, गयानाच्या जंगलात नेलं आणि १८ नोव्हेंबर १९७८ ला तिथं नऊशेहून जास्त माणसं मेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं होती. सुरुवातीला तोही गरिबांना जेवू घालणारा, सगळ्या जातीवर्णांना जवळ घेणारा पाळक म्हणूनच ओळखला जात होता.

संशय आला तर

एक वही करा. तारीख, सभा, काय सांगितलं, किती पैसे घेतले, कोण हजर होतं. चिठ्ठ्या, मेसेज, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका. शिकवणीविषयी शंका असेल तर मत्तय १८ प्रमाणे आधी त्याच्याशी एकांतात बोला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीच्या वडिलांपुढं, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांपुढं. वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं. पुढची ओवी त्यासोबतच वाचा: पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष दे. चर्चेत वैयक्तिक राग मिसळू देऊ नका आणि ऐकीव गोष्ट गावभर करू नका.

पण मूल, बाई, मारहाण, जीव यांचा प्रश्न असेल तर ही क्रमवारी नाही. थेट पोलीस. ११२ कुठूनही लागतो, मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१. "मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवू" असं जो म्हणेल त्याचं ऐकू नका. बदनामी आधीच त्या कृत्यानं केलेली असते.

अशा गटातून बाहेर पडताना वाद घालायला शेवटचं भेटायला जाऊ नका. कागदपत्रं घ्या, घरच्या एकाला विश्वासात घ्या आणि जाणं थांबवा. शापाची भीती वाटेल, रात्री झोप लागणार नाही. कुणाच्या तरी घरी जाऊन झोपा, रोमकरांस ८ च्या शेवटच्या ओव्या मोठ्यानं वाचा.

आणि जुन्या मंडळीतल्या भावाबहिणींनो, असं कुणी फसून परत आलं तर पहिल्याच रविवारी तिला साक्ष द्यायला उभं करू नका. "आम्ही सांगितलं होतं ना" हे तर अजिबात नको. शेजारी बसायला जागा द्या, उपासनेनंतर चहाला थांबवून घ्या, आणि पोराच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या का तेवढं विचारा. सुरू नसतील तर सोमवारी तिच्यासोबत दवाखान्यात जा.